संध्याकाळची उंची

अकरा वर्षांपूर्वी मी एका अनोळखी अमेरिकन ऑफिसला सात ओळींची ईमेल पाठवली. तिच्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी आयुष्यात केलेल्या सर्वांत वाईट कृत्याविषयी एवढं एकच चांगलं बोलता येईल, आणि ते मी स्वतःशी अकरा वर्षं बोलत राहिलो. त्या ईमेलमुळे माझ्या मुलाची अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या संघातली जागा गेली. ती कोणी घालवली, हा प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर निघाला तेव्हा दोष भलत्याच माणसावर गेला. मी वरणाचं भांडं पुढे सरकवलं आणि गप्प बसलो.

मी मोजमापाच्या धंद्यातला माणूस. आधी भोसरीत आणि नंतर पंचवीस वर्षं ऑस्ट्रेलियात, पोर्ट केम्बलाजवळच्या एका वर्कशॉपच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये मी एकच काम केलं: दुसऱ्यांची मापनयंत्रं बरोबर मोजतात की नाही, ते तपासायचं. खोलीचं तापमान वीस अंश. प्रत्येक माप तीनदा. शेवटी आपल्या मापात किती चूक असू शकते, तेही कागदावर नोंदवायचं. ह्या शिस्तीने मला नोकरीत मान दिला. माणसांच्या बाबतीत तिने माझं काय केलं, ते मला उशिरा कळलं.

आमचं वॉलाँगाँगचं घर छोटं आहे. त्याच्या लॉन्ड्रीच्या दाराच्या चौकटीवर मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. दर वाढदिवसाला, सकाळी. तो सहा-सात वर्षांचा असताना मी त्याला समजावलं होतं, की रात्रभर आडवं झोपल्याने पाठीचे मणके सैल होतात, म्हणून सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. त्याला ही गोष्ट इतकी पटली की वाढदिवसाला तो अंथरुणातून उठून, बाथरूमलाही न जाता, पाय घट्ट आवळून थेट त्या दाराशी धावायचा. "बाबा लवकर! मी कमी होतोय!" आम्ही दोघं हसून बेजार व्हायचो.

खुणा दर वर्षी वर सरकत होत्या, पण थोड्याथोड्या. त्याच्या वर्गातली मुलं तेराव्या वर्षी खांबांसारखी वाढली. तो मागे राहिला. शाळेच्या रग्बीच्या कोचने त्याला प्रेमानेच सांगितलं, "मेट, उंच झालास की परत ये." तो दोन वर्षं थांबला. सोळाव्या वर्षी त्याने स्वतःच ओळखलं की उंची येणार नाही, आणि सिडनीतल्या एका ग्रिडआयर्न क्लबात नाव घातलं. अमेरिकेतल्या फुटबॉलला इथे ग्रिडआयर्न म्हणतात. शिरस्त्राण आणि खांद्यांवर गाद्या घालून धिप्पाड माणसांनी खेळायचा खेळ. मला वाटलं, पोराला वेड लागलंय.

पण त्या खेळात एक विचित्र काम आहे. एक संघ चेंडू खूप उंच आणि लांब लाथाडून समोरच्यांच्या हवाली करतो. तो घ्यायला समोरच्या संघाचा एकच माणूस मैदानाच्या टोकाला एकटा उभा असतो. त्याने चेंडू झेलायचा आणि वाट काढत उलट दिशेने धावत सुटायचं. त्याला रिटर्नर म्हणतात. अडचण अशी की चेंडू हवेत असेपर्यंत त्याला वर आकाशात बघावं लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी समोरचे सगळे त्याच्या अंगावर धावून येत असतात. ह्या कामाला उंची लागत नाही. लागतं ते न बघणं: आपल्यावर काय येतंय ते माहीत असूनही खाली न बघणं.

रिटर्नरला नियमाने एक सुटका दिलेली आहे. चेंडू हवेत असतानाच त्याने एक हात डोक्यावर उंच करून हलवला, तर त्याला कोणीही शिवू शकत नाही. मात्र मग त्यालाही धावता येत नाही. झेलला तिथेच खेळ थांबतो.

दर रविवारी ट्रेनने आम्ही दोघं सिडनीला जायचो. मी रिकाम्या बाकांवर थर्मास घेऊन बसायचो आणि चेंडू वर गेला की मनात म्हणायचो, हात वर कर, हात वर कर. त्याने तो क्वचितच केला. तो आदळला जायचा, उठायचा, गुडघ्यावरचं गवत झटकायचा. एकदा परतताना, समुद्राच्या बाजूच्या सीटवर बर्फाची पिशवी खांद्याला धरून तो बसला होता. मी विचारलं, "हात का नाही वर केलास? तुझ्या दुप्पट होता तो."

"दुप्पट नव्हता. डबल प्लस जीएसटी होता."

"मी चेष्टा करत नाहीये."

त्याने बर्फाची पिशवी खांद्यावर जरा खाली सरकवली. मग म्हणाला, "बाबा, हात वर केला ना, की मी नुसता बुटका उरतो. बॉल धरलेला बुटका."

ते वाक्य मला लागलं. मी पाच फूट चार इंचांचा आहे. मीही उभा जन्म काही ना काही हातात धरून उभा राहिलेला बुटका आहे; फक्त मी हात कधी खाली घेतलाच नाही. कॉलेजच्या कबड्डीच्या निवडीला मी रांगेत उभा राहिलो आणि माझा नंबर यायच्या आधी निघून आलो. पुढेही जिथे जिथे कोणीतरी मला नापास करण्याची शक्यता होती, तिथे तिथे मी आधीच बाजूला झालो आणि त्याला समजूतदारपणा हे नाव दिलं.

बारावी झाल्यावर त्याला इथल्याच युनिमध्ये इंजिनिअरिंगला जागा मिळाली. त्याने एक वर्ष मागून घेतलं आणि मेलबर्नला गेला, क्रेगीबर्नला, मामाकडे. तिथून जवळच एका मैदानावर एक साठीचा माणूस उंच, लांब पायांच्या ऑस्ट्रेलियन मुलांना किक मारायला शिकवत असे. इथल्या फूटीवर, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलवर, वाढलेली ही मुलं चेंडू असा मारतात की तो हवेत उलटा फिरतो, खाली येताना वाट बदलतो, आणि अमेरिकन खेळाडूंना त्याचा अंदाजच लागत नाही. म्हणून अमेरिकन कॉलेजं अशा किकरांना बोलावून नेतात. त्या कोचला किकर हवे होते तसा समोर उभं राहून किक झेलणाराही कोणीतरी हवा होता. माझा मुलगा तो झाला.

मेहुण्याने फोन केला. "दाजी, तुमचा चिरंजीव इथे रोज दुपारी चेंडू वेचतो. एवढ्यासाठी पुण्याहून आलात होय ऑस्ट्रेलियात?"

मीही हसलो. मला आशा होती की तो वर्षभर चेंडू वेचील, कंटाळेल, आणि परत येईल. तो कंटाळला नाही. एकदा मी मेलबर्नला गेलो असताना कोचने मला मैदानाच्या कडेला गाठलं, स्वतःच्या मोडक्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "बाकीचे बॉल पकडतात. तुझा पोरगा बॉल जिथे पडणार तिथे आधीच जाऊन उभा असतो. हे शिकवता येत नाही, मेट. मी प्रयत्न केलाय." मी आभार मानले. माझा आवाज मुळातच लहान. त्याला तो ऐकू गेला नसावा.

त्या हिवाळ्यात एका अमेरिकन कॉलेजचा सहायक कोच एका किकरला बघायला आला. तासभर त्याने किकरला बघितलं आणि मग विचारलं, तो समोरचा छोटा कोण? ह्या उलट्या फिरणाऱ्या किक त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांकडेही होत्या, आणि त्यांचे रिटर्नर त्या हातातून सोडत होते. इथे एक जण होता जो दिवसाला शंभर झेलत होता. बोलणं झपाट्याने पुढे गेलं. एक फॉर्म भरायचा होता. त्यात उंचीचा रकाना होता.

"पाच-आठ लिही," सहायक कोचनेच सांगितलं. "मी तुला पाहिलंय, मला फरक पडत नाही. पण आमच्या ऑफिसात पाच-पाच वाचलं तर कोणी तुझा व्हिडिओ उघडणारसुद्धा नाही." मेलबर्नच्या कोचनेही मान डोलावली. त्या खेळात हे सगळेच करतात, आणि सगळ्यांना माहीत असतं की सगळे करतात. तो खोटेपणा नव्हता. तो एक शिष्टाचार होता, दार उघडेपर्यंतचा.

हे सगळं मुलाने मला फोनवर स्वतः सांगितलं, हसत हसत. म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

त्यानंतरच्या शनिवारी तो दोन दिवसांसाठी घरी आला. संध्याकाळी समुद्रकाठाने धावून, घामाने निथळत लॉन्ड्रीच्या दारातून आत आला आणि बूट काढता काढता त्याचं लक्ष चौकटीकडे गेलं. "बाबा, मोज ना एकदा. गंमत म्हणून. तीन महिने झाले."

मी कामावरची स्टीलची पट्टी आणि काटकोनी गुण्या आणला. तो मोज्यांवर उभा राहिला, टाचा भिंतीला, हनुवटी सरळ, लहानपणी शिकवलेलं काही विसरला नव्हता. मी तीनदा मोजलं. एकशे पासष्ट पूर्णांक चार.

"सेम ओल्ड," तो म्हणाला. "सकाळी परत मोजू हं. सकाळी मी जायंट असतो."

सकाळी त्याला लवकरची ट्रेन होती. आम्ही मोजलं नाही.

कॉलेजच्या ऑफिसची ईमेल त्याच आठवड्यात मला आली. फॉर्मवर पालक म्हणून माझा पत्ता होता. साधी, सौजन्याची ईमेल: आम्ही आपल्या मुलाच्या अर्जाचा विचार करत आहोत, पालक म्हणून आपले काही प्रश्न असल्यास अवश्य विचारा. मला प्रश्न नव्हता. मी उत्तर पाठवलं. अर्जातील उंचीच्या नोंदीत चूक आहे. अचूकतेच्या दृष्टीने कळवतो की त्याची उंची एकशे पासष्ट पूर्णांक चार सेंटिमीटर आहे, तीन वाचनांची सरासरी, अनिश्चितता अधिक-उणे दोन मिलिमीटर. खाली नाव, आणि नावाखाली माझा हुद्दा.

सकाळचं माप घेतलं असतं तर सेंटिमीटरभर जास्त आलं असतं, हे मी ईमेल लिहीत होतो त्या खोलीत माझ्याइतकं चांगलं कोणाला ठाऊक नव्हतं. त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतंही. कोणतं माप पाठवायचं, ते मी निवडलं.

दहा दिवसांनी त्यांनी कळवलं की ते दुसऱ्या खेळाडूचा विचार करत आहेत. मुलाने त्या सहायक कोचला फोन लावला. तो बिचारा अवघडला होता. एवढंच म्हणाला की तुमच्याच बाजूने कोणीतरी ऑफिसला खरा आकडा कळवला, आता माझ्या हातात काही नाही.

तुमच्याच बाजूने. मुलाने हिशेब केला, आणि त्याच्या जागी कोणीही तोच केला असता. कोचचा किकर त्याच कॉलेजात निघाला होता. एका खोट्या आकड्यामुळे किकरची जागा धोक्यात यायला नको, म्हणून कोचने कच खाल्ली आणि कळवून टाकलं. तो मैदानावर जाऊन सगळ्यांदेखत कोचला वाट्टेल ते बोलला. कोच एवढंच म्हणाला, "मी नाही, मेट." मग मुलगा बॅग भरून घरी आला, आणि जेवणाच्या टेबलावर त्याने आम्हाला हे सगळं सांगितलं. डोळे सुजलेले होते.

"तो माणूस मला रोज सँडविच आणून द्यायचा," तो म्हणाला. "रोज, बाबा."

बायको म्हणाली, "पण त्यानेच केलं कशावरून?"

"मग कोणी? हू एल्स न्यू?"

तेव्हा मी वरणाचं भांडं पुढे सरकवलं. "जाऊ दे," मी म्हणालो. "आता इंजिनिअरिंग सुरू कर." माझ्या आवाजात सहानुभूती होती, आणि ती खरीही होती. चोराला आपण लुटलेल्या घराविषयी वाईट वाटू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

इंजिनिअरिंग त्याने तीन सत्रं केलं आणि सोडलं. त्यानंतर जे त्याचं करिअर झालं, ते मी इथे थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला मला तोंड नाही. जर्मनीतल्या एका लहान शहराच्या संघाने त्याला पगारावर घेतलं. बेकरीच्या वर एक खोली, जुनी सायकल, आणि उन्हाळाभर सामने. संघाच्या यादीत त्याची उंची पाच-आठ लिहिलेली होती. तिथे कोणी पालकांना ईमेल केली नाही. दोन वर्षं तो त्या शहराचा लाडका होता. तिसऱ्या वर्षी मैदानाच्या मध्यावर कोणीतरी त्याला पाठीमागून ढकललं आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी तो ऑस्ट्रियातल्या एका संघाकडे गेला, पण पहिल्या तीन पावलांतली त्याची चपळाई गेली होती, आणि रिटर्नरकडे त्या तीन पावलांखेरीज दुसरं काही नसतं. त्याच सुमारास खेळाचे नियमही बदलू लागले. दुखापती टाळण्यासाठी रिटर्न कमी करण्याकडे सगळ्यांचा कल झाला. तो करत होता ते कामच हळूहळू कमी होत होतं. सत्ताविसाव्या वर्षी तो परत आला. आता क्रेगीबर्नच्या बाजूला एका शाळेत खेळ शिकवतो. थंडीत जिना उतरताना कठड्याला धरतो.

आम्ही दोघं एकदाच जर्मनीला गेलो होतो, दुसऱ्या वर्षी. लाकडी बाकांचं मैदान, मोहरी लावलेले सॉसेज, हजारभर माणसं. चेंडू वर गेला, माझ्या मनाने सवयीने म्हटलं, हात वर कर. त्याने केला नाही. तो एका माणसाच्या काखेखालून निसटला, दुसऱ्याच्या बाजूने वळला आणि सगळं मैदान पार करून पलीकडे गेला. लोक बाकांवर उभे राहिले. शेजारच्या म्हाताऱ्याने मला खुणेने विचारलं, तुमचा? मी मान हलवली. त्याने माझे दोन्ही हात हातात घेऊन हलवले. बायको रडत होती. त्या क्षणी मी जे मोजलं ते असं होतं: हे बघायला तिथे एक हजार माणसं आहेत, अमेरिकेतल्या कॉलेजात पन्नास हजार असती, माझ्यामुळे एवढीच आहेत.

त्या रात्री जेवताना सांगायचं मी ठरवलं होतं. त्याने आमच्यासाठी डाळ-भात केला होता, भात जरा चिकट झाला होता, तो त्यावरून स्वतःचीच टर उडवत होता. मी नाही सांगितलं. त्यानंतर न सांगणं ही क्रिया मी इतक्या वेळा केली की ती मला जमू लागली.

गेल्या मार्चमध्ये त्या कोचने काम थांबवायचं ठरवलं. वय सत्तरीपलीकडे, एक कान पूर्ण गेलेला. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्याच मैदानावर एक दुपार ठरवली, आणि कोचने स्वतः माझ्या मुलाला निरोप पाठवला: ये, तुझ्याशिवाय किक कोण झेलणार? बायकोचा फोन स्पीकरवर होता, मी शेजारी भेंडी चिरत होतो. मुलगा म्हणाला, "मी नाही जाणार. त्या माणसाने माझं लाइफ काढून घेतलं, आई. सँडविच देऊन."

फोन बंद झाल्यावर मी सुरी खाली ठेवली आणि बायकोला सांगितलं. सगळं. ईमेलचा मजकूर मला पाठ होता.

तिने चिरलेली भेंडी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "तुझ्या लग्नाच्या बायोडेटावर पाच-सहा लिहिलं होतं."

"माझ्या आईने लिहिलं होतं."

"लिहिलं होतं ना? तू बघायला आलास तेव्हा माझ्या काकूने दारातच ओळखलं. आत येऊन म्हणाली, मुलगा पाच-चारच्या वर एक केस नाही. मग आम्ही काय केलं? तुला भिंतीला उभा केला? पट्टी आणली?" तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "आम्ही पोहे पुढे केले. कारण मुलगा बरा वाटला."

मी म्हणालो, "मला त्याची काळजी वाटत होती. मान मोडली असती तर—"

"जर्मनीत मान नसते का? तिथे गेला तेव्हा नाही पाठवलीस कोणाला ईमेल." ती उठली. "आधी त्याला सांग. मग त्या माणसाला. आणि मला मध्ये घेऊ नकोस, मी तुझ्या बाजूने बोलणार नाही."

आम्ही त्या दुपारच्या आदल्या दिवशी मेलबर्नला गेलो. सकाळी मुलाच्या स्वयंपाकघरात, तो चहा गाळत असताना, मी त्याला सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं मी बोलत होतो. त्यात कारणं होती, क्रम होता, माझी तेव्हाची मनःस्थिती होती. चहावर साय धरली. मी थांबल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला.

"कुठलं पाठवलंस? सकाळचं की संध्याकाळचं?"

"सकाळी आपण मोजलंच नव्हतं."

"बाबा. दारावर वाढदिवसाची खूण होती. सकाळची. तीन महिन्यांपूर्वीची. तू कुठलं पाठवलंस?"

"संध्याकाळचं."

त्याने कप सिंकमध्ये उपडा केला. "यू गेव्ह मी अ रिपोर्ट," तो म्हणाला. "आत्तासुद्धा. वीस मिनिटं रिपोर्ट देतोयस." मग गाडीची किल्ली उचलली. "चल. त्याला सांग. मी तिथे उभा असणार."

गाडी मुलगा चालवत होता. बायको मागे बसून खिडकीबाहेर नवी नवी एकसारखी घरं बघत होती.

मैदानावर तीस-चाळीस माणसं होती, सगळी माझ्यापेक्षा हातभर उंच. कोणी बार्बेक्यूवर सॉसेज परतत होतं, कोणी आपल्या मुलांना किक मारून दाखवत होतं. कोच तशाच एका मोडक्या खुर्चीवर टोपी घालून बसला होता. माझ्या मुलाला बघताच त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच त्याने तो सावरला, जणू तो आनंद दाखवायचा हक्क आपल्याला आहे की नाही ह्याची त्याला खात्री नव्हती. मुलगा दहा पावलांवर थांबला. मी एकटा पुढे गेलो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात बोलू लागलो.

कोचने कानामागे तळवा धरला. "मोठ्याने, मेट. हा कान गेलाय."

मी पुन्हा सुरुवात केली.

"अजून मोठ्याने!"

सत्तावन्न वर्षांत मी इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. मी जवळजवळ ओरडून सांगितलं, की अकरा वर्षांपूर्वी ती ईमेल मी पाठवली होती, तुम्ही नाही. माझ्या मुलाने तुम्हाला शिव्या दिल्या त्या माझ्या होत्या. आणि मी हे जाणून घरात बसून राहिलो. मला माफ करा. बार्बेक्यूजवळचं बोलणं थांबलं. एक चेंडू कोणीतरी आधीच मारला होता, तो एकटाच खाली येऊन दोनदा उडाला.

कोचने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "त्या अमेरिकनाने मला ती ईमेल तेव्हाच फोनवर वाचून दाखवली होती. अधिक-उणे दोन मिलिमीटर. आम्ही दोघं हसलो. मग नाही हसलो."

"मग तुम्ही त्याला सांगितलं का नाहीत?"

"ते माझं काम नव्हतं." तो रागाने बोलला नाही. दमलेल्या माणसाने बोलावं तसा बोलला. "मी वाट बघत होतो. तू जरा जास्तच वेळ घेतलास."

मी वळलो. मुलगा तिथेच उभा होता, एक पाय किंचित दुमडलेला, दुखऱ्या गुडघ्यावर भार न टाकता. तो वर बघत नव्हता, खालीही नाही. थेट माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे द्यायला आता एकही कारण उरलेलं नव्हतं. त्या सगळ्या उंच माणसांसमोर, त्यांना न कळणाऱ्या भाषेत पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मी म्हणालो:

"मला तुझी काळजी नव्हती. मी आयुष्यभर ज्या रांगेतून पळालो त्या रांगेत तू उभा राहिलास, ते मला बघवलं नाही. म्हणून मी तुला संध्याकाळी मोजलं. माझं चुकलं. मला माफ कर."